भांडुप ते बीकेसी, सायकलने ऑफिसला जायचंय. सुरुवात कशी करू?

भांडुपकर_४१

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारूनच टाकतो. मी भांडुप पश्चिमेला राहतो, ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात). नऊ वर्षं झाली, रोजचं ठरलेलं, भांडुपहून स्लो पकडायची, कुर्ल्याला उतरायचं, पश्चिमेला बाहेर पडून शेअर रिक्षाच्या लाइनीत उभं राहायचं, आणि ती लाइन पावसात किंवा सोमवारी एवढी लांब असते की ट्रेनमधे जेवढा वेळ जातो त्याच्यापेक्षा जास्त तिथे जातो. घरातून निघाल्यापासून खुर्चीत टेकेपर्यंत सव्वा तास धराच.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी गाड्या बंद होत्या म्हणून कुर्ल्याहून घाटकोपरपर्यंत एलबीएसने (लालबहादूर शास्त्री मार्गाने) चालत आलो. सगळा रस्ता तुंबलेला, बस जागच्या जागी, रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केलेली, आणि त्या सगळ्यातून एक माणूस पाठीवर लॅपटॉपची बॅग लावून सायकलवर शांतपणे कडेकडेने निघून गेला. तेव्हापासून तो माणूस डोक्यातून जातच नाहीये.

वय ४१, शुगर बॉर्डरला आलीय, डॉक्टरांनी व्यायाम करा म्हणून सांगितलंय आणि जिमला जायला वेळ नाही. सायकल शेवटची चालवली ती शाळेत असताना, तासावर भाड्याने मिळायची तेव्हा. माझ्या हिशोबाने अंतर एका बाजूला १५-१६ किलोमीटर होतं. एवढं रोज जमण्यासारखं आहे का? रस्ता कुठला घ्यावा, एलबीएस की हायवे (ईस्टर्न एक्सप्रेस)? वीस हजारापर्यंत सायकल कुठली बघावी? घामाचं काय करता तुम्ही लोक? आणि पावसाळ्याचं काय?

बायकोला काळजी वाटतेय, ती म्हणते एवढ्या डंपर आणि बसच्या मधून कसा जाणार तू. तिला नीट उत्तर देता येईल असं कोणीतरी अनुभवातून सांगा, प्लीज.

---

मुलुंडचा_सायकलवाला

तुमचाच रस्ता आहे माझा. मी मुलुंडहून कुर्ल्याला कमानीपाशी जातो, सात वर्षं झाली, आठवड्यातून तीन-चार दिवस. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, सायकल अजिबात विकत घेऊ नका आत्ता. खरंच. लोक आधी दुकानात जातात, वीस हजार घालतात आणि मग कळतं की ऑफिसात सायकल ठेवायला जागाच नाही, की मग ती घरी गॅलरीत कपडे वाळत घालायला. आधी दोन गोष्टींचा पत्ता लावा, रस्ता आणि ठेवायची जागा. सायकल तिसरी.

रस्त्याचं असं करा. कोणाची तरी सायकल दोन आठवडे मागून घ्या, सोसायटीत एखादी तरी धूळ खात पडलेली असतेच, ती जवळच्या दुकानात नेऊन ब्रेक आणि हवा बघून घ्या. रविवारी पहाटे सहाला निघा आणि बीकेसीपर्यंत जाऊन या. घाई करू नका, कुठे थांबावंसं वाटलं तर थांबा, चहा प्या. पहिल्या दिवशी सव्वा तास लागेल, लागू दे. पुढच्या रविवारी परत. मग एखादी अशी सुट्टी बघा की ज्या दिवशी तुम्हाला सुट्टी आहे पण बाकी मुंबईला नाही, आणि त्या दिवशी ऑफिसच्या वेळेला निघा. खरा रस्ता त्या दिवशी दिसतो, रविवारी फक्त खड्डे दिसतात.

हायवे की एलबीएस, तर एलबीएस. हायवे गुळगुळीत वाटतो म्हणून सगळे आधी तिकडे बघतात. पण भांडुप पश्चिमेहून तुम्हाला आधी रेल्वे ओलांडून पूर्वेला जावं लागणार, परत कुर्ल्याला पश्चिमेला यायचं, आणि हायवेवर प्रत्येक फ्लायओव्हरच्या सुरुवातीला गाड्या वेगात डावीकडे सर्व्हिस रोडला सुटतात आणि आपण नेमके त्यांच्या मधे सापडतो. एलबीएसवर मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून बॅरिकेडमुळे रस्ता अरुंद झाला, पण त्याचा एक फायदा असा की गाड्यांचा वेग कमी झाला. सगळेच सायकलच्या वेगाने जात असतील तर सायकल सगळ्यात सुखी.

आता जागा सांगतो, लक्षात ठेवा. मंगतराम पेट्रोल पंपापासून कांजूरपर्यंत सोपं आहे. गांधीनगर जंक्शन, जिथे जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) मिळतो, तिथे पहिले पंधरा दिवस सरळ उतरा आणि झेब्रावरून चालत जा. कमीपणा अजिबात नाही त्यात, मी पहिला महिनाभर हेच केलं. विक्रोळीला जरा मोकळं मिळतं. घाटकोपरला आर सिटी ते श्रेयस, सर्वोदय हा सगळ्यात वैतागाचा पट्टा, मधेच रिक्षा डावीकडे घेऊन थांबते, पॅसेंजर उतरतो, आणि तुम्ही मागून येत असता. तिथे वेग कमी, दोन्ही हात ब्रेकवर. कमानी, फिनिक्स गेलं की कुर्ल्यात आतून सीएसटी रोड धरून कलिनाच्या बाजूने बीकेसीत शिरा.

कडेला अगदी चिकटून चालवू नका. नवीन माणूस भीतीने गटाराच्या कडेला जातो आणि तिथेच सगळी घाण असते, जाळ्या, काचा, वाळू, पेव्हर ब्लॉकचे उखडलेले तुकडे. कडेपासून अडीच-तीन फूट आत राहा, सरळ रेषेत. मागचा हॉर्न देईल, देऊ दे, हॉर्न दिला म्हणजे त्याने तुम्हाला बघितलं. न बघणारा धोक्याचा.

उभ्या गाड्यांच्या बाजूने जाताना दार उघडेल एवढं अंतर सोडा. हे मी शिकलो ते घाटकोपरला. दुसऱ्या वर्षी, सकाळी सव्वाआठ, एका उभ्या कारचं मागचं दार उघडलं, एक शाळेतला मुलगा उतरत होता, त्याची काही चूक नव्हती. माझं हँडल दाराच्या कडेला लागलं, मी डाव्या बाजूला पडलो, कोपराला सहा टाके. त्या मुलाचे वडीलच मला दवाखान्यात घेऊन गेले. तेव्हापासून उभी गाडी दिसली की मी आधी मागच्या काचेतून आत डोकं दिसतंय का ते बघतो. डोकं दिसलं तर दार उघडणार असं धरून चालायचं.

बस स्टॉपवर शिरत असेल तर बस आणि फुटपाथच्या मधे कधी, कधीच घुसू नका. मागे थांबा, दहा सेकंदांचा प्रश्न असतो. डंपर आणि काँक्रीटच्या मिक्सरचंही तसंच, सिग्नलला त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभं राहायचं नाही. साधा नियम आहे, त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. वहिनींना हे सांगा, की मी डंपरच्या बाजूने जाणारच नाही, मागे थांबणार.

ऑफिसचं म्हणाल तर आधी सिक्युरिटीवाल्यांशी बोला, मग ऍडमिनशी. माझ्या आधीच्या ऑफिसात गेटवरच अडवलं होतं, टू व्हीलरच्या पार्किंगमधे नंबर प्लेट नसलेली गाडी घेता येत नाही म्हणे. तीन मेल केले, शेवटी जनरेटरच्या खोलीबाहेरचा एक कोपरा मिळाला. पण त्या तीन मेलमधे दीड महिना गेला, म्हणून म्हणतोय आत्ताच विचारून ठेवा. जागा अशी मागा की जिथे सायकल एखाद्या पाइपला किंवा खांबाला बांधता येईल. नुसतं चाकाला लावलेलं कुलूप काही कामाचं नाही, सायकल उचलून टेम्पोत टाकतात.

---

भांडुपकर_४१

दादा, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. बायकोला वाचून दाखवलं, डंपरच्या मागे थांबणार हे ऐकून जरा शांत झाली. सोसायटीत एकाची सायकल मिळतेय, त्याचा मुलगा बाहेरगावी शिकायला गेलाय. घाम आणि कपड्यांबद्दल अजून कोणी सांगेल का? आमच्याकडे फॉर्मल शर्ट लागतो.

---

पार्लेकरीण

मी विलेपार्ले पूर्वेहून बीकेसीला जाते, वाकोला, कलिना करत. माझं अंतर तुमच्या निम्म्याहून कमी आहे त्यामुळे दमण्याबद्दल मी बोलत नाही, पण घाम सगळ्यांना सारखाच येतो आणि मुंबईत तर उभ्या उभ्या येतो.

पहिलं, वेळ. सात वाजता निघा, साडेआठला नाही. सातला ऊन तिरकं असतं, ट्रॅफिक कमी, आणि ऑफिसला पोचल्यावर अर्धा तास हातात राहतो. त्या अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं नुसतं बसायचं, पंख्याखाली किंवा लॉबीच्या एसीत, पाणी प्यायचं. लगेच बाथरूममधे जाऊन कपडे बदलले तर नव्या कपड्यांत परत घाम येतो, कारण अंग अजून तापलेलं असतं. सगळे ही एकच चूक करतात. दहा मिनिटांनी तोंड, मान, हात साध्या पाण्याने धुवा, एक पातळ पंचा ओला करून अंग पुसा (टर्किश टॉवेल नको, वाळत नाही, दुपारपर्यंत ड्रॉवरला वास), मग शर्ट. केसांना हेल्मेटचा चट्टा पडतो, एक कंगवा ड्रॉवरमधे ठेवा.

कपडे मी सोमवारी बसने जाताना एकदम नेते. आठवड्याचे चार ड्रेस हँगरवर, कपाटाच्या आतल्या खिळ्याला. शुक्रवारी बसनेच परत आणते. म्हणजे सायकलवर पाठीला काहीच वजन नसतं, डबा आणि लॅपटॉप मागे कॅरिअरला. पाठीवर बॅग असली की तेवढ्या जागेचा सगळा शर्ट भिजतो, तुम्ही काहीही करा. कॅरिअर बसवून घ्या, त्याला बाजूला लटकवायच्या बॅगा मिळतात. लॅपटॉप मात्र कपड्यात गुंडाळून ठेवा, नाहीतर खड्ड्यात दणके बसतात.

ज्या बायका वाचतायत त्यांच्यासाठी, ओढणी बॅगेत. गळ्यात नाही, कमरेला बांधूनही नाही. माझी एकदा मागच्या चाकात गेली होती, कलिनाला युनिव्हर्सिटीच्या गेटपाशी, नशिबाने वेग नव्हता म्हणून नुसती फाटली. पँट घालणाऱ्यांनी उजवा पाय मोज्यात खोचायचा, चेन उजव्या बाजूला असते. माझे बाबा पोस्टात होते, ते लोखंडी क्लिप लावायचे पँटला, ती क्लिप मी अजून वापरते.

संध्याकाळी सातनंतर मी एकटी निघते, लोक विचारतात भीती नाही वाटत का. रस्ता वाहता असतो, दुकानं उघडी असतात, रिक्षापेक्षा मला सायकलवर जास्त मोकळं वाटतं कारण कुठे वळायचं, कुठे थांबायचं ते माझ्या हातात असतं. पण दिवे हवेतच. पुढे पांढरा, मागे लाल, मागचा लुकलुकणारा. दिवा बॅगेला लावू नका, बॅग वाकडी झाली की तो आकाशाकडे बघतो, सीटखालच्या दांड्याला लावा. आणि पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत मी सरळ बसने जाते, उगाच रोज गेलंच पाहिजे असा हट्ट धरला की सुटतं सगळं.

---

लोकल_बरी

मी थोडं वेगळं सांगतो, रागावू नका.

मी घाटकोपरहून परळला जायचो सायकलने. पहिल्याच आठवड्यात पाच दिवस दोन्ही वेळा गेलो, जोश होता. तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा असा धरला की जिना उतरता येईना. डॉक्टर म्हणाले एकदम एवढं ओझं टाकलंस कसं. एका बाजूचे १६ म्हणजे दिवसाचे ३२ किलोमीटर, वीस-पंचवीस वर्षांनी सायकलवर बसणाऱ्या माणसाला हे एकदम जास्त आहे. शुगरचं पण आहे, गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी निघू नका, आधी डॉक्टरांशी बोला, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा.

मग मी जे केलं ते सांगतो, त्याने जमलं. सोमवारी सकाळी सायकलने जायचं, सायकल ऑफिसातच ठेवायची, संध्याकाळी ट्रेनने परत. मंगळवारी ट्रेनने जायचं आणि संध्याकाळी सायकलने घरी यायचं. बुधवारी आराम. म्हणजे एका दिवसात एकच फेरी. दोन महिने असं केलं, मग हळूहळू एखाद्या दिवशी दोन्ही वेळा. आता पाच वर्षं झाली, गुडघा एकदाही दुखला नाही.

गुडघ्याचं अजून एक, सीट. बहुतेक लोक सीट खाली ठेवतात कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले की बरं वाटतं. पण सीट खाली म्हणजे गुडघा सतत दुमडलेला. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल एकदम खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना टाच नाही तर पंजा असतो पॅडलवर, त्यामुळे गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. एवढ्याने निम्मी दुखणी जातात.

---

आरे_रिम_चेन

वडिलांचं लालबागला सायकलचं दुकान होतं, गिरण्या चालू असल्यापासूनचं, मी शाळेतून आलो की पंक्चर काढायला बसायचो, म्हणून मशीनबद्दल मी लिहितो.

आधी एक मनातलं. मुंबईत सायकलने कामाला जाणं हे काही नवीन नाहीये, आपण विसरलोय एवढंच. पहाटे पाववाला सायकलवरच येतो, डबेवाले स्टेशनबाहेरून हँडलला आणि कॅरिअरला डबे लटकवून ऑफिसाऑफिसात सायकलवरच जातात, कुलाब्यापासून वरळीपर्यंत. गिअर नाही, सस्पेन्शन नाही, काळी अठ्ठावीस इंची सायकल. आमच्या दुकानात यायच्या त्यांच्या सायकली, वर्षानुवर्षं तीच फ्रेम, फक्त ब्रेकचे रबर, टायर आणि चेन बदलायची. तेव्हा ज्याला कोणी म्हणेल की मुंबईच्या ट्रॅफिकमधे सायकल शक्यच नाही त्याला चर्चगेटबाहेर साडेअकराला उभं करा.

तुमच्या रस्त्याला सायकल कुठली, तर हायब्रिड, म्हणजे रेसिंग आणि डोंगरी सायकलच्या मधली. पातळ टायरची रेसिंगवाली नको, आपल्या रस्त्याला रिम वाकडी होते. जाड्या टायरची एमटीबी (डोंगरातली माउंटन बाइक) पण नको, ती जड, खडबडीत टायर डांबरावर नुसती ताकद खातात, आणि पुढचं स्वस्तातलं सस्पेन्शन म्हणजे दोन किलो जास्तीचं लोखंड. हायब्रिडला टायर ३५ ते ४० मिलिमीटरचे घ्या. वीस हजारात चांगली मिळते. सस्पेन्शन नसलेली बघा, मडगार्ड आणि कॅरिअर बसवायला फ्रेमवर भोकं आहेत का ते बघा, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. एलबीएस सपाट आहे, तुम्हाला सातच्या वर गिअर लागणारच नाहीत खरं तर. डिस्क ब्रेक असले तर पावसात बरे, पण साधे रबराचे ब्रेक कोपऱ्यावरचा कोणीही मेकॅनिक लावून देतो, हा पण विचार करा.

वॉल्व्ह, म्हणजे ट्यूबमधे हवा भरायचं तोंड, बघून घ्या. सायकलला तीन प्रकारचे वॉल्व्ह येतात. जुन्या काळ्या सायकलचा एक, मोटारसायकलसारखा जाडा एक, आणि बारीक सुईसारखा प्रेस्टा. प्रेस्टा असेल तर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पाइप त्याला बसत नाही. पितळेचा एक छोटा अडॅप्टर मिळतो, चहाच्या पैशात येतो, तो किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवा. आणि पंक्चरवाल्याला हवा भरायला सांगताना डोळे तिथेच ठेवा, त्याचा कंप्रेसर ट्रकला हवा भरतो, जास्त झाली तर ट्यूब फुटते. किती हवा ते टायरच्या बाजूलाच लिहिलेलं असतं, या टायरला साधारण ५० ते ७० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) मधे. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमला आपटते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं बाजूबाजूला पडतात. तसं पंक्चर दिसलं की समजा काच किंवा खिळा नाही, हवाच कमी होती.

बॅगेत एक जादा ट्यूब, टायर रिमवरून काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप, आणि ४-५-६ च्या ऍलन की (षटकोनी पाने). पंक्चर झालं की रस्त्यात पॅच लावत बसू नका, ट्यूब बदला आणि निघा, पॅच घरी रात्री. ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोटं फिरवा, हळू फिरवा, काच अजून तिथेच रुतलेली असते. मी हे न करता एकाच सकाळी दोन ट्यूबा घालवलेल्या लोकांना बघितलंय.

चेनला महिन्यातून दोनदा तेल. आधी जुन्या फडक्याने पुसून कोरडी करायची, मग प्रत्येक कडीवर एक एक थेंब, पॅडल उलटं फिरवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि वरचं तेल परत पुसून टाकायचं. तेल कडीच्या आत पाहिजे, वर राहिलं तर धूळ धरतं आणि काळी पेस्ट होते, ती पेस्टच चेन खाते. पावसाळ्यात मात्र दर भिजल्यानंतर. ब्रेकचे रबर पावसात साबणासारखे झिजतात, दर आठवड्याला बघा.

---

मुलुंडचा_सायकलवाला

वरच्यांनी छान लिहिलंय. एकच फेरी करायची युक्ती तर मी पण सांगायला हवी होती, तसंच करा.

पावसाळ्याचं राहिलं. आत्ता ऑक्टोबर चालू आहे, दिवाळीनंतर सुरुवात केलीत तर जूनपर्यंत सहा-सात महिने हातात आहेत, तोपर्यंत सवय होईल. माझा नियम सांगतो. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असला की सायकल घरी. नुसता पाऊस असला तर जातो, भिजायचंच असं ठरवून, रेनकोट घालत नाही कारण आतून घामाने तेवढंच भिजायला होतं. कपडे प्लास्टिकच्या दोन पिशव्यांमधे.

पण साचलेल्या पाण्यात सायकल घालायची नाही. रस्त्यावरचा पांढरा पट्टा दिसत नसेल तर उतरायचं आणि दुभाजकाच्या बाजूने चालायचं, नाहीतर मागे फिरायचं. कुर्ल्याला शीतल टॉकीजच्या पट्ट्यात पाणी भरतंच, मिठी नदी जवळ आहे. आपल्याला सगळ्यांना २६ जुलै २००५ आठवते, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, पण मला सायकलवर असताना आठवतो तो २९ ऑगस्ट २०१७. परळ-एल्फिन्स्टनच्या बाजूला एक नावाजलेले डॉक्टर साचलेल्या पाण्यातून चालत घरी निघाले होते आणि उघड्या मॅनहोलमधे गेले. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, एवढंच.

पहिला पाऊस सगळ्यात निसरडा, कारण वर्षभराचं ऑइल रस्त्यावर वर येतं. पेव्हर ब्लॉक, लोखंडी प्लेटा, झेब्राचे पट्टे, गटाराची झाकणं, यांच्यावर ब्रेक मारायचा नाही आणि वळायचं नाही. आधी वेग कमी करायचा, मग सरळ त्यांच्यावरून जायचं.

---

भांडुपकर_४१

तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळं करून बघितलं म्हणून.

पहिला रविवार, सहा दहाला निघालो, बीकेसीला पोचायला एक तास पंचवीस मिनिटं. विक्रोळीपर्यंत छान वाटलं, घाटकोपरला मांड्या भरून आल्या, श्रेयसपाशी थांबलो, एका पाववाल्याने पण तिथेच सायकल लावली होती. त्याने माझी सीट बघितली आणि काही न बोलता नुसता हाताने वर करा असा इशारा केला. तिथेच त्याच्याकडून पाना घेऊन दोन इंच वर केली. पुढचा रस्ता वेगळाच वाटला, खरं सांगतो.

दुसरा रविवार एक तास दहा. त्या दिवशी कांजूरला पंक्चर झालं, ट्यूब बदलायला चाळीस मिनिटं लागली पण बदलली. टायरमधून बोट फिरवलं तर बाटलीच्या काचेचा हिरवा तुकडा, तांदळाएवढा. तो घरी आणून मुलीला दाखवला.

डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले जा, पण खाऊन जा, आणि महिन्याने परत रिपोर्ट करू. ऑफिसात जागा मिळाली, बेसमेंटमधे वॉचमनच्या टेबलामागे रेलिंग आहे, तिथे बांधायची. वॉचमन स्वतः धारावीहून सायकलने येतो, त्याची पण तिथेच असते, मला नऊ वर्षांत माहीतच नव्हतं.

बायकोने दिवाळीला हेल्मेट आणि मागचा लाल दिवा घेऊन दिलाय. ज्याची सायकल आहे त्याच्याकडूनच ती विकत घेतोय, हायब्रिड आहे, ३५ चे टायर, मडगार्ड नाहीत ते बसवून घेतो.

आता सोमवारी पहिला खरा दिवस. फक्त सकाळची फेरी, संध्याकाळी ट्रेन. एकच शंका आहे, गांधीनगरला चालत ओलांडायचं म्हटलंत पण सकाळी तिथे झेब्रावर पण दुचाक्या चढलेल्या असतात, तर नक्की कुठल्या बाजूने जाऊ?

---

मुलुंडचा_सायकलवाला

सिग्नलच्या आधीच डाव्या फुटपाथला उतरायचं आणि चालणाऱ्या लोकांचा घोळका सुटतो तेव्हा त्यांच्या मधोमध निघायचं, एकट्याने नाही. लिहून कळणार नाही. सोमवारी मी पण निघतोय, सात वाजता मंगतराम पंपाच्या गेटसमोर थांबतो, पिवळं हेल्मेट. तिथून कमानीपर्यंत बरोबर जाऊ, पुढे सीएसटी रोड तुम्हाला आता माहीतच आहे. पोहे वगैरे काहीतरी खाऊन या. आणि हवा रविवारी रात्रीच बघून ठेवा, पंप माझ्याकडे आहे पण सकाळी उशीर नको.